ताई बसली की गाडी तापते

दाजींची जुनी गाडी नाना एकटे असले की निमूट चालायची, आणि ताई शेजारी येऊन बसली की पुलावर जाऊन उकळायची. पहिल्या वेळी नानांनी दोष उन्हाला दिला. दुसऱ्या वेळी गर्दीला. त्यानंतर दोष द्यायला स्वतःखेरीज कोणी उरलं नाही. गाडीतलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं. सगळं आयुष्य छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेलं. यंत्र म्हणजे खालच्या मजल्यावर धडधडतं ते, एवढीच त्यांची यंत्राशी ओळख.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. ते नदीपलीकडच्या इस्पितळात पडून होते आणि उद्या सकाळी त्यांची छाती उघडायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "करावं तर लागेलच. पण वय बघता खात्री देत नाही." भेटायची वेळ दुपारी चार ते पाच. मुलगा लांबच्या गावाहून निघाला होता, तो उद्या पहाटे पोचणार. म्हणजे ताईला आजचा एकच तास होता. कालपरवा दोन्ही दिवस गाडी पुलावर तापली, आणि ताई वॉर्डात पोचली तेव्हा सिस्टर घंटा वाजवत होती आणि दाजी झोपेत होते.

"मला काही बोलायचं नाहीये," ताई म्हणायची. "बोलायचं ते पन्नास वर्षं बोलतेच आहे. नुसतं बघायचंय. त्यांनीही मला बघितलं पाहिजे, जागेपणी."

दुसऱ्या गाडीने का जात नाही, असं शेजारीपाजारी विचारत. करून पाहिलं होतं. पहिल्या दिवशी भाड्याची गाडी आणली. ताईचं कमरेचं हाड मोडून सांधलेलं. खोल सीटमध्ये ती एकदा बसली की बसली. उतरवताना ड्रायव्हर आणि नाना दोघांनी मिळून ओढलं तेव्हा ती अशी ओरडली, की इस्पितळाच्या दारातले लोक धावत आले. दाजींनी आपल्या गाडीतली पुढची सीट तिच्यासाठी खालून लाकडी ठोकळे घालून उंच केली होती. सुतारकाम ओबडधोबड होतं, पण त्या सीटवर ती नुसती टेकली तरी आत जायची. पाय मात्र नानांनी उचलून ठेवायचे.

आणि दाजींनी गाडीत आणखी एक गोष्ट केली होती. ताईला दमा. एसीचा गार झोत लागला की तिची छाती भरायची आणि खोकला सुरू झाला की तासतासभर थांबायचा नाही. म्हणून दाजींनी एसीच्या बटणावर आडवी चिकटपट्टीच मारून टाकली होती.

ती पट्टी नाना रोज सकाळी सोडवत.

कारण रोज सकाळी ते एकटेच गाडी घेऊन गॅरेजला जात. ताईच्या घराची गल्ली ओलांडली की काचा वर करायच्या, पट्टी एका बाजूने सोडवायची आणि बटण दाबायचं. तोंडावर गार वारा आला की त्यांना क्षणभर वाटे, सगळं ठीक होईल. लगेच लाजही वाटे. तिकडे एक माणूस नळ्या लावून पडलाय, इकडे एक बाई रात्रभर बसून श्वास घेतेय, आणि आपण थंड हवा खातोय! परतताना गल्लीच्या तोंडाशी ते एसी बंद करून पट्टी अंगठ्याने नीट दाबून बसवत. ही चैन त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

त्या दिवशीही सकाळी ते गॅरेजला गेले. मेस्त्रीने बॉनेट उघडलं, नानांना आत बसवलं आणि म्हणाला, "काका, द्या रेस."

नानांनी काच लावून घेतली. शेजारच्या दुकानात एक जण गाडीचा चेपलेला पत्रा ठोकत होता, त्या ठणठणाटात कानाचे पडदे फाटायची वेळ. नानांनी रेस दिली. पुढे रेडिएटरमागचा पंखा गरागरा फिरत होता. मेस्त्रीने हात वर करून थांबायची खूण केली.

"बघा तुम्हीच. काय वाईट आहे याच्यात?"

"पण काल पुलावर फिरत नव्हता हो."

"पुलावर मी नव्हतो ना!" मेस्त्री म्हणाला. "फ्यूज नवा घातला. रिले नवा घातला. रेडिएटरचं झाकण बदललं. मोटर बॅटरीला लावून बघितली, भिंगरीसारखी पळते. आता मी काय, पंख्याला दृष्ट काढू?"

"नाही, तसं नाही. माझंच काहीतरी चुकत असेल चालवताना."

"चालवण्याचा आणि पंख्याचा काय संबंध? बरं, मला सांगा. काल गाडीत कोण होतं?"

"ताई होती. माझी थोरली बहीण."

"परवा?"

"ताईच."

"आणि इथे येताना?"

"मी एकटा."

मेस्त्रीने फडक्याला हात पुसले. बोलघेवडा माणूस, त्याला आपला विनोद आधीच दिसला होता. "मग सापडला की फॉल्ट! ताई बसल्या की गाडी तापते. हा पार्ट काही आपल्याकडे मिळत नाही काका."

नाना भिडस्तपणे हसले. आणखी काहीतरी विचारायला हवं, असं त्यांना वाटत होतं. पण काय विचारावं ते सुचेना, आणि मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती. जाताना मेस्त्री म्हणाला, "पुन्हा तापली तर तिथूनच फोन मारा. बघू काय म्हणते."

घरी येऊन नानांनी एक चूक केली. ताईचं मन जरा हलकं व्हावं म्हणून त्यांनी मेस्त्रीचा विनोद तिला सांगितला. ताई पदराला चष्मा पुसत बसली होती. ती हसली नाही.

"खरं बोलला तो," ती म्हणाली.

"अगं, गंमत केली त्याने."

"गाडी त्यांची आहे. त्यांचंच ऐकणार. मी यावं असं त्यांना वाटत नसेल. अशा अवस्थेत मी बघू नये, असं म्हणत असतील मनात. माणूस मानी आहे."

"ताई, गाडीला काय कळतंय?"

"मग तूच सांग ना, मी बसले की का तापते?"

 नानांनी नुसती जीभ चावली.

दुपारी ते वेळेच्या कितीतरी आधी निघाले. ताईने धुतलेली साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून घट्ट बांधलं होतं. नानांनी तिला ठोकळ्यांच्या सीटवर टेकवलं, पाय एकेक करून आत ठेवले. पट्टी जागेवर आहे ना, हे त्यांनी नकळत पाहून घेतलं. गाडी सुरू केली. रस्ता मोकळा होता तोवर तापमानाचा काटा आपल्या जागी स्वस्थ होता. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागतो, पंख्याची गरज पडत नाही, एवढं आता नानांनाही समजलं होतं. भीती होती ती पुलाची.

पुलावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पुढचा टेम्पो हातभर सरकला की नाना हातभर सरकत. ताई समोर बघत होती, नाना काट्याकडे. काटा हलला. मग निम्म्यावर आला. मग निम्म्याच्या वर.

"चढला का?" ताईने समोर बघतच विचारलं.

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"चढला."

ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. "मी उतरते इथे. मी उतरले की चालेल ती."

"वेडी आहेस का? तू उतरलीस तर मी तिकडे जाऊन काय करू?"

काटा लाल रेघेपाशी आला तेव्हा नानांनी गाडी कठड्याला लावली. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. एक मोटारसायकलवाला कडेने जाताना ओरडला, "आजोबा, भंगारवाला शोधा आता!" नानांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू होतं, अंगावर भट्टीसारखी झळ येत होती आणि पंखा भिंतीवरच्या घड्याळाचे काटे थांबावेत तसा थांबलेला होता. त्यांनी मेस्त्रीला फोन लावला. कानाला फोन लावला की त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर लावून ते दारातून आत वाकून बसले.

"बोला काका. पंखा?"

"उभा आहे."

"काटा?"

"लाल रेघेला."

"असं करा, एसी बंद करून परत चालू करा एकदा."

"एसी बंदच आहे."

"बंद? का?"

"बंदच असतो. ताईला चालत नाही, दमा आहे तिला."

पलीकडे पत्रा ठोकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग मेस्त्री जरा हळू आवाजात म्हणाला, "काका, माझ्याकडे येता तेव्हा?"

नानांनी ताईकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते. चिकटपट्टीच्या सुटलेल्या टोकावर धुळीची काळी किनार बसली होती, ती या उन्हात स्पष्ट दिसत होती.

"तेव्हा चालू असतो," नाना म्हणाले.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! एसी लावला की पंखा आपोआप फिरतो, त्याची वायर वेगळी. इंजिन तापलं की पंखा चालू करणारा स्विच निराळा, तो खाली रेडिएटरला असतो. तो मेलाय. गाडी पडून राहिली ना इतके दिवस, गेला असणार. आणि मी आपला रिले बदलतोय, फ्यूज बदलतोय!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला काय स्वप्न पडतं? बरं, जाऊ द्या, माझंही चुकलंच. मीच आत डोकावायला हवं होतं. ऐका. इंजिन बंद करा, आणि रेडिएटरच्या डाव्या अंगाला खाली दोन तारांचा प्लग आहे, तो काढा. त्या दोन तारा एकमेकींना जोडल्या की झालं. दोन मिनिटांचं काम."

नानांनी इंजिन बंद केलं आणि बॉनेटखाली वाकले. डावं अंग कोणाचं, आपलं की गाडीचं? खाली अंधार होता आणि अंधारात काळ्या नळ्या, काळ्या तारा. त्यांना एक प्लग दिसला. मग दुसरा दिसला. त्यांनी हात घातला तो जाड नळीला लागला आणि मनगटाची कातडी चरचरली. चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला. दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा प्लग बोटांत आला, पण ओढून सुटेना. दोन मिनिटांचं काम ते बराच वेळ करत राहिले.

"नान्या," ताईने आतून हाक मारली. "चार वाजून गेले."

ते सरळ झाले. कंबर धरली होती.

"काय म्हणाला तो? एसी लावला की पंखा फिरतो?"

"हो. पण तुला..."

"तू एकटा असलास की लावतोस?"

"हो."

"गार वाटतं?"

नानांना रडू येईल असं वाटलं. "वाटतं," ते म्हणाले.

"मग लाव की. बघतोस काय?" आणि तिने स्वतःच नखाने ती पट्टी ओढून काढली.

इंजिन सुरू केलं, बटण दाबलं. समोर काहीतरी घरघरलं आणि पंखा झपाट्याने फिरू लागला. नानांनी चारी काचा उघडल्या, झोत आपल्याकडे वळवले, ताईने पदर तोंडावर दाबला. काटा हळूहळू उतरू लागला. तीन दिवसांत पहिल्यांदाच तो पुलावर उतरत होता, आणि नानांना त्याचा आनंद झाला. तो आनंद पूल संपेपर्यंतच टिकला. पूल संपता संपता ताईला पहिला खोकला आला.

इस्पितळाच्या आवारात शिरेपर्यंत तिचा चेहरा लाल झाला होता. तिने दम्याचा पंप ओढला, थोडं थांबली, पुन्हा ओढला. नानांनी चाकाची खुर्ची आणली, तिला बसवलं, लिफ्टपाशी रांग होती तिथे थोडी हुज्जतही घातली, आयुष्यात कधी घातली नव्हती तशी. वॉर्डाच्या दारात पोचले तेव्हा भेटीच्या वेळेतला बराचसा वेळ उरला होता. दारातल्या सिस्टरने ताईकडे पाहिलं आणि हात आडवा केला.

"खोकला आहे त्यांना. आत नाही जाता येणार."

"हा तसला खोकला नाही," नाना म्हणाले. "दमा आहे. गाडीत एसी लावला, म्हणून."

"खोकला तो खोकला, काका. माझ्या वॉर्डात उद्याचे ऑपरेशनवाले आहेत."

"त्यातलेच एक तिचे यजमान आहेत हो. नुसतं बघायचंय त्यांना. लांबून."

"खाट कोपऱ्यात वळणावर आहे. लांबून दिसत नाही. खोकला थांबू द्या, मग सोडते. तोवर तुम्ही जाऊन या."

सिस्टर वाईट बोलली नव्हती. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तरी हेच म्हणालं असतं, हे नानांना पटत होतं. ताईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्दाच्या आधी खोकला आला. तिने हातानेच त्यांना आत ढकलल्यासारखं केलं.

दाजी जागे होते. दाढी केली होती, केस विंचरले होते. त्यांनी नानांना पाहिलं आणि लगेच नानांच्या मागे पाहिलं.

"ती?"

"बाहेर आहे. येतेय."

दाजी दाराच्या दिशेने बघत राहिले. नाना स्टुलावर बसले. त्यांना वाटलं, आता आपण काहीतरी धीराचं बोलावं. हजारो पानं त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती, त्यात अशा वेळी माणसं बोलतात ती वाक्यंही असतील. एकही आठवेना. भिंतीपलीकडे ताई खोकत होती. मध्येच थांबायची, नाना अर्धवट उठायचे, की पुन्हा सुरू.

शेवटी त्यांनी फोन काढून ताईला लावला आणि दाजींच्या कानाशी धरला. ताईने फोन उचलला. ती बोलायचा प्रयत्न करत होती हे कळत होतं, पण खोकल्याशिवाय काही निघत नव्हतं. तोच खोकला नानांना दोनदा ऐकू येत होता, भिंतीतून आणि फोनमधून. दाजी ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. मग त्यांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी नानांकडे मान वळवली.

"एसी लावलास?"

"दाजी, तो स्विच..."

"पट्टी लावलीय ना मी? दिसत नाही तुला?"

"पुलावर गाडी तापली हो, पंखा फिरत नव्हता."

"तापली तर तापू द्यायची! तिला..." पुढे त्यांना दम पुरेना. शेजारच्या यंत्रावरचे आकडे भराभर बदलू लागले, काहीतरी टीं टीं वाजलं. सिस्टर धावत आली, तिने फोन बाजूला केला आणि नानांना खांद्याला धरून उठवलं. "पुरे काका. त्यांना बोलायला लावू नका. चला, बाहेर चला."

"मला नाही, तिला एकदा..."

"आज नाही आता. कोणालाच नाही."

नाना बाहेर आले. ताईचा खोकला तोवर ओसरला होता. ती खुर्चीत ताठ बसून पदराने डोळे पुसत होती. आता आत जायचं म्हणून केसांवरून हातही फिरवला होता.

"चल," ती म्हणाली. "थांबला आता."

नानांनी मान हलवली. दार लागलं होतं.

ताई बंद दाराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काय म्हणाले?"

"रागावले."

"कुणावर?"

"माझ्यावर. एसी लावला म्हणून."

"आणि माझ्याविषयी?"

नानांनी शब्द शोधले. एखादं गोड वाक्य रचून सांगता आलं असतं. दुसऱ्या कोणी सांगितलंही असतं. "तुझा खोकला ऐकत होते," ते म्हणाले. "बराच वेळ."

 लिफ्टमधून उतरून, आवारातून नेऊन नानांनी ताईला सीटवर टेकवलं आणि तिचे पाय उचलून आत ठेवले. नाना स्टिअरिंगवर बसले आणि किल्लीला हात लावून तसेच राहिले. मेस्त्रीचं गॅरेज पुलापलीकडे होतं. एसी लावला तर ताई खोकणार, नाही लावला तर गाडी उकळणार. पूल आता घरी परतणाऱ्या गाड्यांनी खच्चून भरला असेल.

"थांबूया का?" त्यांनी विचारलं. "गर्दी कमी होईपर्यंत?"

"थांब," ताई म्हणाली. ती काचेतून वाकून वर बघत होती. "त्यांची खिडकी कुठली रे?"

नानांनी वर पाहिलं. सगळ्या खिडक्या सारख्या होत्या, एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या. कोपऱ्यातली खाट म्हणजे या टोकाची की त्या टोकाची? आत शिरताना ते डावीकडे वळले होते, पण आवाराकडे तोंड केलं तर ते उजवीकडे होईल. की लिफ्ट मागच्या बाजूने होती? त्यांनी एका खिडकीकडे बोट केलं.

"ती असावी."

"असावी की आहे?"

"असावी," नाना म्हणाले.

ताईने चष्मा वर सरकवला आणि त्या खिडकीकडे बघत राहिली.